साहसकथेतील नायकाचे परिवर्तन

साहसकथेतील नायकाचे परिवर्तन म्हणजे प्रवास, शोधमोहीम, युद्ध, बंदिवास किंवा अपघात अशा असाधारण घटनांतून जाताना कथेतील प्रमुख पात्राच्या स्वभावात, समजुतींत किंवा स्वतःविषयीच्या कल्पनेत होणारा टिकाऊ बदल होय. हा विषय कथनशास्त्र, लोकसाहित्याचा अभ्यास आणि कादंबरीचा इतिहास या तिन्ही क्षेत्रांत चर्चिला जातो. साहस केले की नायक बदलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु जागतिक साहित्यातील अनेक जुन्या साहसकथांमध्ये नायक मुळीच बदलत नाही. जेथे तो बदलतो, तेथे संकटांची संख्या किंवा भीषणता हे त्याचे कारण क्वचितच असते. नायकाला करावी लागलेली एखादी निवड, तिच्यासाठी मोजलेली किंमत आणि मागे फिरण्याची बंद झालेली वाट यांतून तो बदल घडतो. तो किती खरा आहे, हे बहुधा नायक घरी परतल्यावरच समजते.

== परिवर्तनाविना साहस ==

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या प्रेम-साहसकथांपैकी पाच पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. इफेससच्या झेनोफनची कथा हे त्यांचे नमुनेदार उदाहरण आहे. नवविवाहित हॅब्रोकोमीस आणि अँथिया समुद्री चाच्यांच्या हाती सापडतात आणि त्यांची ताटातूट होते. अँथिया गुंगीच्या औषधाने मृतवत होऊन थडग्यात ठेवली जाते, पुढे कुंटणखान्यात विकली जाते. हॅब्रोकोमीसला नाईल नदीच्या काठी क्रुसावर चढवले जाते आणि तो दैवी कृपेने वाचतो. शेवटी दोघे भेटतात तेव्हा ती पहिल्या पानावर होती तशीच तरुण, सुंदर आणि एकनिष्ठ असतात.

रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन यांनी १९३७-३८ मध्ये लिहिलेल्या आणि १९७५ साली ग्रंथात समाविष्ट झालेल्या निबंधात या प्रकाराला ‘साहसकाळ’ अशी संज्ञा वापरली. त्यांच्या मते या कथांमधील काळ पात्रांच्या आयुष्यात मोजलाच जात नाही. कथेच्या सुरुवातीचे प्रेम आणि शेवटचे मीलन यांच्यामध्ये घटनांची कितीही लांब साखळी घातली, तरी तिचा माग पात्रांच्या देहावर किंवा मनावर उरत नाही. संकटे तेथे नायकाला घडवीत नाहीत, केवळ तो टिकतो की नाही हे तपासतात. व्होल्तेअरने ‘कांदीद’ (१७५९) या लघुकादंबरीत याच साच्याची थट्टा केली आहे. अनेक देश पालथे घालून कांदीद अखेर प्रेयसीपाशी पोचतो, तेव्हा तिचे रूप पार ओसरलेले असते. काळ खरोखर मोजला तर काय होईल, हे त्यातून दिसते. त्याच कथेतील गुरू पांग्लॉस मात्र फाशी, रोग आणि गुलामी भोगूनही आपले आशावादी तत्त्वज्ञान सोडत नाही. दुःख माणसाला आपोआप शहाणे करत नाही, याचे इतके नेमके उदाहरण साहित्यात दुसरे शोधावे लागेल.

होमरच्या ‘ओडिसी’विषयीही असा वाद आहे. एरिख आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, वीस वर्षांनी इथाका बेटावर परतलेला ओडिसियस गेला तसाच परत आला आहे, असे मत मांडले. त्याची ओळख पटते ती त्याच्या पायावरील जुन्या व्रणामुळे, आणि तो व्रणही ट्रॉयच्या युद्धातला नसून तरुणपणी केलेल्या रानडुकराच्या शिकारीतला आहे. बदल घडतो तो त्याचा मुलगा टेलिमॅकस याच्यात. महाकाव्याच्या पहिल्या चार सर्गांत तो आईच्या पाणिग्रहणासाठी घरात ठाण मांडून बसलेल्या आगंतुकांसमोर हतबल असतो. वडिलांचा शोध घेण्यासाठी पायलोस आणि स्पार्टा येथे जाऊन आल्यावर तो सभेत आणि घरात स्वतःच्या अधिकाराने बोलू लागतो. मुलाचा प्रवास बापाच्या मानाने फारच छोटा आणि जवळपास निर्धोक असूनही परिवर्तन त्याच्याच वाट्याला आले आहे.

== नाव आणि रूप हरवणे ==

परिवर्तनाच्या कथांमध्ये एक जुनी युक्ती वारंवार आढळते. नायकाचे नाव, रूप किंवा दर्जा काढून घेतला जातो आणि त्याला खालच्या पायरीवरून जग पाहावे लागते. आप्युलियस या रोमन लेखकाच्या दुसऱ्या शतकातील ‘सुवर्णगर्दभ’ या अकरा खंडांच्या कथेत जादूविषयीच्या उथळ कुतूहलापायी ल्युसियस चुकीचा लेप लावून गाढव होतो. गाढव म्हणून तो चोर, गिरणीवाले आणि भोंदू पुजारी यांच्या हाती जातो. त्याच्यासमोर कोणीही काही लपवत नाही, कारण गाढवाची लाज कोणी बाळगत नाही. गुलाबाची फुले खाऊन तो पुन्हा माणूस होतो तो आयसिस देवीच्या कृपेने, आणि त्यानंतर तो तिचा दीक्षित उपासक बनतो. बाख्तिन यांनी ग्रीक कथांहून ही कथा वेगळी काढली, कारण हिच्यात नायक स्वतःच्या दोषामुळे संकटात सापडतो आणि कथेअखेर पूर्वीचा राहत नाही.

भारतीय परंपरेत याच्या तोडीची कथा महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान ही आहे. मराठी वाचकांना नल-दमयंती रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे आणि त्यातील हंसामुळे परिचित आहेत. परंतु नलाच्या बदलाचा भाग विवाहानंतर सुरू होतो. कलीने पछाडलेला नल द्यूतात भाऊ पुष्कराकडे राज्य हरतो आणि अरण्यात झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र तोडून घेऊन तिला सोडून जातो. वणव्यातून वाचवलेला कर्कोटक नाग त्यालाच दंश करून कुरूप करतो. हा दंश म्हणजे उपकाराची विपरीत फेड नव्हे. त्या विषाने नलाच्या अंगात दडलेला कली पोळत राहतो आणि नव्या रूपामुळे नलाला कोणी ओळखत नाही.

बाहुक या नावाने नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराच्या, मुद्दाम पाठवलेल्या वार्तेवरून दोघे विदर्भाकडे रथ हाकतात. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजून दाखवतो. नल त्याला अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतो आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. ज्या अज्ञानामुळे नलाचा नाश झाला, तेच ज्ञान त्याला सेवकाच्या वेषात मिळते. पुढे तो पुष्कराला पुन्हा द्यूतात हरवतो, पण त्याला शिक्षा न करता त्याची संपत्ती परत देऊन निरोप देतो. ही कथा बृहदश्व ऋषी वनवासातील युधिष्ठिराला सांगतात आणि शेवटी त्यालाही अक्षविद्या देतात, हे विशेष लक्षणीय आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेला श्रोता कथेतल्या नायकाप्रमाणेच बदलावा, अशी योजना त्यात दिसते. अज्ञातवासात युधिष्ठिर कंक या नावाने विराट राजाकडे फाशांचा जाणकार म्हणूनच राहतो.

== डॉन किहोते आणि सांचो पांझा ==

मिगेल दे सर्व्हान्टेस याच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आणि दुसरा १६१५ साली प्रसिद्ध झाला. शौर्यकथा वाचून भ्रमिष्ट झालेला एक वयस्कर, सामान्य जमीनदार स्वतःला सरदार समजून भ्रमंतीस निघतो आणि बेटाचे राज्यपाल करण्याचे आमिष दाखवून शेजारच्या सांचो पांझा या शेतकऱ्याला सेवक म्हणून सोबत घेतो. पहिल्या भागात या जोडीचे स्वभाव ठळकपणे परस्परविरुद्ध आहेत. एकाला पवनचक्क्यांत राक्षस दिसतात, दुसऱ्याला पवनचक्क्याच दिसतात. वाचकाला हसू येते ते या विरोधामुळे.

दुसऱ्या भागात हा विरोध हळूहळू उलटा होतो. स्पॅनिश लेखक साल्व्हादोर दे मादारियागा यांनी १९२६ साली या प्रक्रियेला सांचोचे ‘किहोतीकरण’ आणि किहोतेचे ‘सांचोकरण’ अशी नावे दिली. दुल्सिनिया या काल्पनिक प्रियतमेला शोधण्याची आज्ञा झाल्यावर अडचणीत आलेला सांचो रस्त्याने येणाऱ्या तीन खेडवळ मुलींकडे बोट दाखवून, हीच राजकन्या आणि तिच्या दासी, असे सांगतो. या वेळी स्वप्न रचणारा सांचो आहे आणि समोर साध्या मुली पाहणारा त्याचा मालक. किहोतेला आता जग जसे आहे तसे दिसू लागले आहे, मात्र त्यावर विश्वास ठेवण्याची त्याची तयारी अजून नाही; म्हणून दुल्सिनियावर जादू झाली, असा अर्थ तो लावतो.

सांचोतील बदलाचा कळस बाराटारियाच्या प्रसंगात आहे. एक ड्यूक आणि डचेस करमणुकीसाठी त्याला खोट्या बेटाचा खरा वाटावा असा राज्यपाल करतात. दरबारातील सर्वांना तो विनोद आहे हे माहीत असते, फक्त सांचोला नाही. पण निवाडे करताना तो विलक्षण शहाणपण दाखवतो. कर्ज फेडल्याची शपथ घेताना आपली काठी सावकाराच्या हाती देणाऱ्या म्हाताऱ्याची लबाडी तो ओळखतो आणि काठी फोडून आतील सोन्याची नाणी बाहेर काढतो. थोड्याच दिवसांत, लुटुपुटूच्या हल्ल्यात भरपूर मार खाल्ल्यानंतर, तो स्वतःहून पद सोडतो, आपल्या गाढवाला मिठी मारतो आणि आलो तसाच रिकाम्या हाताने जातो असे सांगून निघून जातो. ज्या लोभासाठी तो घराबाहेर पडला, तो लोभ प्रत्यक्ष हाती आल्यावर सोडून देण्याइतका तो बदललेला आहे. त्याची थट्टा करणारे ड्यूक-डचेस मात्र तसूभरही बदलत नाहीत.

किहोतेचा शेवट दुःखद आहे. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावरील द्वंद्वात हरल्यामुळे एक वर्ष घरी बसण्याची अट त्याला पाळावी लागते. गावी परतल्यावर त्याला ताप येतो आणि त्यातून तो पूर्ण शुद्धीवर येतो. आपले खरे नाव आलोन्सो किहानो असल्याचे जाहीर करून तो शौर्यकथांचा धिक्कार करतो. शौर्यकथा कशा असतात हे माहीत असलेल्या पुरुषाशी लग्न केल्यास भाचीला वारसा मिळणार नाही, अशी तरतूद तो मृत्युपत्रात करतो. त्याच वेळी सांचो रडत त्याला उठण्याची, मेंढपाळ होऊन पुन्हा रानात जाण्याची विनवणी करतो. या प्रसंगाचे दोन अर्थ लावले जातात. एका मतानुसार हा बुद्धीचा विजय आहे. दुसऱ्या मतानुसार भ्रम गेला आणि त्यासोबत माणूसही गेला. सांचोचे अश्रू पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

== अपुरे परिवर्तन ==

डॅनियल डेफो याच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) मध्ये नायक निर्जन बेटावर २८ वर्षे, दोन महिने आणि १९ दिवस राहतो. वडिलांचा सल्ला धुडकावून समुद्रावर गेलेला हा तरुण बेटावर आजारपणात बायबल वाचू लागतो, पश्चात्ताप करतो, शेती, कुंभारकाम आणि शेळीपालन शिकतो. शिस्त, श्रम आणि श्रद्धा या दृष्टीने त्याचे परिवर्तन निर्विवाद आहे. त्याच्या मनाची सर्वांत सूक्ष्म तपासणी मात्र पंधराव्या वर्षाच्या सुमारास वाळूत दिसलेल्या एका पावलाच्या ठशाने होते. इतकी वर्षे माणसाच्या सहवासासाठी तळमळणारा क्रूसो माणसाची खूण दिसताच भयाने कुंपणे उभारू लागतो.

एका बाबतीत तो अजिबात बदलत नाही. तो स्वतः उत्तर आफ्रिकेतील साले येथे गुलाम होता. तेथून पळताना साथ देणाऱ्या झुरी या मुलाला त्याने पोर्तुगीज कप्तानाला विकले, आणि जहाज फुटले ते आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या सफरीवर. एवढ्या अनुभवानंतरही बेटावर भेटलेल्या माणसाला तो फ्रायडे असे नाव देतो आणि स्वतःला ‘मालक’ म्हणायला शिकवतो. त्याचे मूळ नाव विचारत नाही. वासाहतिक दृष्टीने या कादंबरीचे वाचन करणाऱ्या समीक्षकांनी याच मुद्द्यावर भर दिला आहे.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ (इंग्लंडमध्ये १८८४, अमेरिकेत १८८५) मधील परिवर्तन नेमके या जागी घडते. पळून आलेल्या जिम या गुलामासोबत तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून जाताना हक आधी त्याची क्रूर थट्टा करतो आणि नंतर त्याची माफी मागतो. तेवढी माफी मागायचे धैर्य गोळा करायला त्याला पंधरा मिनिटे लागतात. पुढे तो गुलाम शोधणाऱ्यांना तराफ्यावर देवीचा रोगी असल्याचे भासवून पिटाळून लावतो. शेवटी जिमच्या मालकिणीला त्याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहून तो फाडून टाकतो. त्या कृत्याबद्दल आपण नरकात जाऊ, असे त्याला मनापासून वाटते आणि तरीही तो ते करतो. समाजाने शिकवलेली नीती त्याच्या डोक्यात तशीच राहते, बदलते ते वर्तन. ट्वेनचे खरे यश या विसंगतीत आहे.

यानंतर टॉम सॉयरचे आगमन होते आणि जिमच्या सुटकेचा पोरखेळ सुरू होतो. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केल्याचे टॉमला ठाऊक असते. हक मात्र निमूटपणे टॉमच्या मागे जातो. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९३५ साली वाचकांना हा शेवट वगळण्याचा सल्ला दिला होता. मिळवलेला बदल जुन्या मित्राच्या सहवासात विरघळून जातो हे कलात्मक अपयश मानावे की कटू वास्तवदर्शन, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

== घरी परतणे ==

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली दीक्षाविधींचे वियोग, संक्रमण आणि पुनःप्रवेश असे तीन टप्पे मांडले. जोसेफ कॅम्पबेल यांच्या ‘सहस्रमुखी नायक’ (१९४९) या ग्रंथातील प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन ही विभागणी त्याच्याशी जुळते. कॅम्पबेल यांच्या आराखड्यावर सर्व संस्कृतींतील कथा एकाच साच्यात कोंबल्याचा आणि पुरुषकेंद्री असल्याचा आक्षेप घेतला जातो. मॉरीन मर्डॉक यांनी १९९० साली स्त्री-नायिकेच्या प्रवासाचा निराळा आराखडा मांडला. तथापि पुनरागमनाला त्यांनी दिलेले महत्त्व बव्हंशी मान्य झाले आहे.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) मध्ये हे पुनरागमन विनोदी ढंगाने येते. घरातील सुखसोयींना चटावलेला बिल्बो बॅगिन्स तेरा बुटक्यांसोबत ड्रॅगनने बळकावलेला खजिना मिळवण्यास निघतो, तोही खिशात रुमाल न घेता. अंधाऱ्या जंगलात एकट्याने महाकाय कोळी मारल्यावर तो आपल्या छोट्या तलवारीला नाव देतो. परंतु त्याचा खरा निर्णायक क्षण लढाईचा नाही. खजिन्यातील सर्वांत मौल्यवान रत्न तो लपवून ठेवतो आणि युद्ध टाळण्यासाठी, मित्रांचा रोष पत्करून, ते प्रतिपक्षाच्या हाती देतो. आपला चौदावा हिस्सा म्हणून ते सोडतो आणि पुन्हा त्याच रागावलेल्या मित्रांकडे परत जातो. निघताना ज्याला वेळेवर न्याहारी मिळण्याची चिंता होती, त्याने येथे सुरक्षितता आणि संपत्ती दोन्ही दूर सारली आहेत.

घरी पोचल्यावर त्याला मृत समजून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला दिसतो. स्वतःच्याच पुष्कळ वस्तू त्याला विकत घ्याव्या लागतात आणि गावातील प्रतिष्ठा तर कायमचीच जाते. तो कविता लिहू लागतो, एल्फ लोकांकडे जाऊ-येऊ लागतो आणि शेजारी त्याला विक्षिप्त ठरवतात. त्याला त्याचे काही वाटत नाही, हाच बदल.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये त्याच घरातून निघालेल्या फ्रोडोचे पुनरागमन याहून काळोखे आहे. अंगठी नष्ट करण्याच्या क्षणी तो ती स्वतःकडेच ठेवू पाहतो. ती नष्ट होते ती गॉलमच्या झटापटीमुळे. गावी परतल्यावर शत्रूंनी बळकावलेला प्रदेश सोडवताना त्याचे सोबती मेरी आणि पिपिन नेतृत्व करतात, तर फ्रोडो शस्त्र उचलत नाही आणि शरण आलेल्यांना मारू देत नाही. जखमा भरत नाहीत म्हणून तो अखेर समुद्रापार निघून जातो. संसार, मुलेबाळे आणि बागकाम त्याचा सेवक सॅम याच्या वाट्याला येते. टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होते. युद्धाहून परतलेल्या सैनिकाची छाया फ्रोडोत पाहणारे वाचन त्यामुळे प्रचलित झाले.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) ही तर कुमारवयीन वाचकांची आवडती कथा. तरीही तिचा शेवट आनंदाचा नाही. खजिना मिळाल्यावरही जिम हॉकिन्स त्या बेटावर पुन्हा कधीच न जाण्याचे ठरवतो आणि लाटांचा व पोपटाचा आवाज स्वप्नात ऐकून दचकून उठतो.

== न बदलणारे नायक ==

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट आणि गोलाकार पात्रे असा भेद केला. मालिकांतील साहसी नायक बहुधा सपाट असतात, पण म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाहीत. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ (ग्रंथरूपाने १८७३) मधील फिलियस फॉग मुंबईत उतरतो, पण ते शहर पाहण्याची त्याला इच्छाही होत नाही. मलबार हिलवरील मंदिरात पादत्राणांसह शिरून गोंधळ घालतो तो त्याचा नोकर पासपार्तू. वीस हजार पौंडांची पैज जिंकताना सुमारे एकोणीस हजार खर्च होतात आणि उरलेले हजार पौंड तो नोकर आणि पाठलागावरचा पोलीस यांना वाटून टाकतो. वाटेत सतीच्या चितेवरून सोडवलेली औदा त्याची पत्नी होते, एवढाच त्याच्या घड्याळासारख्या आयुष्यातील फरक.

व्हर्नच्या कथा मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेला फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, हा मराठीतील या परंपरेचा सर्वांत लोकप्रिय नायक आहे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा किडकिडीत मुलगा सायकलवरून एका प्रकरणातून दुसऱ्यात जातो, तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी पुन्हा शाळकरी मुलगाच राहतो. वाचक मोठे होतात, फेणे होत नाही. पुढच्या पुस्तकात तोच पुन्हा भेटेल ही खात्री हेच त्याचे आकर्षण. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित २०१७ च्या चित्रपटात मात्र तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. अमेय वाघ याने ती भूमिका केली, आणि त्याच चित्रपटात वृद्ध भा. रा. भागवत हे पात्र दिलीप प्रभावळकर यांनी रंगवले आहे.